नर्मदाखोऱ्यातला ल्युथरन रविवार

ल्युथरन उपासनेची लिखित संहिता पाळक आणि मंडळी दोघांमध्ये वाटलेली असते. पाळक एक वाक्य म्हणतो, पुढचे वाक्य बाकांवर बसलेले लोक म्हणतात. कबुली त्यांची, स्तुती त्यांची, श्रद्धेची घोषणाही त्यांचीच. जबलपूर, नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा आणि बैतूल या पट्ट्यात विखुरलेल्या ल्युथरन ख्रिस्ती समाजाचे आठवड्याचे जीवन समजून घ्यायचे तर या वाटणीपासून सुरुवात करावी लागते. संख्येने लहान असलेला आणि गावोगाव पूर्णवेळ पाळक नसलेला हा समाज शतकाहून अधिक काळ टिकला. उपासनेतला लोकांचा वाटा लोकांना तोंडपाठ होता, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

या समाजाची संघटना म्हणजे इव्हँजेलिकल ल्युथरन चर्च इन मध्य प्रदेश. तिचे मुख्यालय छिंदवाड्याला आहे. जबलपूर हे तिचे केंद्र नाही. पण उच्च न्यायालय, रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये इथेच असल्याने नरसिंहपूर-सागरकडची ल्युथरन कुटुंबे शिक्षण-नोकरीसाठी इकडे येत राहिली. त्यामुळे जबलपुरातल्या ल्युथरन कुटुंबाचे मूळ गाव बहुधा दुसरे असते आणि त्याचा रविवार शेजारच्या पंथांबरोबर जातो.

करंजियाची पहिली वाट

जबलपूरचा ल्युथरन परंपरेशी पहिला संबंध आला तो १८४० च्या सुमारास. डोनाल्ड मॅक्लिऑड हे ब्रिटिश अधिकारी तेव्हा जबलपुरात होते. गोंडांमध्ये काम करण्यासाठी माणसे हवीत, अशी मागणी त्यांनी बर्लिनच्या योहान्नेस गॉसनर यांच्याकडे केली. स्वतः कष्ट करून जगणारे कारागीर आणि शेतकरी धर्मकार्यासाठी पाठवावेत, अशी गॉसनर यांची पद्धत होती. त्यांनी पाठवलेली जर्मन तुकडी अमरकंटकजवळच्या करंजिया गावी पोचली. मैकल डोंगररांगांतल्या त्या गावात १८४२ मध्ये कॉलऱ्याने गाठले आणि त्यांच्यातले बहुतेक जण थोड्याच काळात दगावले. जे वाचले ते दक्षिणेकडे निघून आले आणि पुढे नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनच्या कामात सामील झाले. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. तिथल्या हिस्लॉप कॉलेजमुळे ते नाव मराठी वाचकाला परके नाही, मात्र त्या मिशनच्या आरंभीच्या मनुष्यबळात करंजियाहून आलेले जर्मन होते, हे फारसे सांगितले जात नाही. गॉसनर यांची पुढची तुकडी १८४५ मध्ये रांचीला पोचली आणि तिथे मात्र मुंडा-उराँव लोकांत मोठी ल्युथरन मंडळी उभी राहिली.

नर्मदाखोऱ्यात ल्युथरन परंपरा रुजली ती स्वीडिश लोकांमुळे. १८७० मध्ये मुंबईहून येणारी रेल्वे जबलपूरला अलाहाबादच्या मार्गाशी जोडली गेली. नरसिंहपूर याच मार्गावर आहे. १८७७ मध्ये स्वीडिश इव्हँजेलिकल मिशनचे लोक तिथे उतरले. हेतू गोंडांपर्यंत जाण्याचा होता, पण काम आधी बसले ते हिंदी बोलणाऱ्या गावांत. पुढे सागर, छिंदवाडा, बैतूल अशी ठाणी झाली. छिंदवाड्यात त्यांच्या आधी स्कॉटिश मिशनचे जेम्स डॉसन गोंडी भाषा शिकून तिच्यात लिहीत होते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत हलवून सोडला. अनाथ मुलांनी मिशनची वसतिगृहे भरली. या भागातल्या अनेक ख्रिस्ती घरांचा ज्ञात इतिहास त्या वसतिगृहांपासून सुरू होतो, त्याच्या मागचे गाव, जात, नातलग हाती लागत नाहीत. मंडळी हेच त्यांचे गोत झाले. आजही एका गावातली ल्युथरन घरे एकमेकांशी सोयरिकीने बांधलेली दिसतात, त्याची मुळे इथे आहेत.

घरातली बैठक

हे स्वीडिश मिशन स्वीडनच्या सरकारी चर्चने काढलेले नव्हते. त्या चर्चच्या आतच राहिलेल्या सामान्य श्रद्धाळूंच्या चळवळीतून १८५६ मध्ये ते जन्मले. कार्ल ओलोफ रोझेनियस हे उपदेशक तिचे मोठे नाव. शेतकरी, कारागीर, मोलकरणी संध्याकाळी एखाद्या घरात जमत, बायबल वाचत, गात. सरकारला हे पसंत नव्हते. पाळकाशिवाय घरात धार्मिक बैठक भरवण्यास मनाई करणारा १७२६ चा कायदा स्वीडनमध्ये १८५८ पर्यंत लागू होता. म्हणजे नर्मदेकाठी जे मिशनरी आले, त्यांच्या आईवडिलांच्या पिढीने घरातल्या प्रार्थनेसाठी दंड भरलेला होता. त्यांनी इथे नुसते देऊळ बांधले नाही, घरातली बैठकही लावून दिली, हा त्यांचा मोठा ठेवा मानायला हवा.

म्हणून इथला आठवडा रविवारपुरता नसतो. मधल्या एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. घरे पाळीपाळीने ठरतात. सतरंजी अंथरली जाते, चपला दाराशी निघतात, ‘जय मसीह की’ म्हणत माणसे आत येतात. एक-दोन भजने होतात, बायबलमधला उतारा वाचला जातो, त्यावर थोडे बोलणे होते आणि मग विनंत्या मांडल्या जातात. कुणाचे ऑपरेशन आहे, कुणाच्या मुलीचे लग्न जमत नाही, कुणाची परीक्षा आहे. ज्याने विनंती मांडली त्याच्यासाठी दुसऱ्याने मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटी चहा आणि खाऊ. पाळक हजर असेल तर उत्तमच, नसेल तर वडील मंडळींपैकी कुणीही सभा चालवते. घरातली म्हातारी आजी नीट वाचू शकत नसली, तरी तिची प्रार्थना सर्वांत लांब आणि सर्वांत ऐकण्यासारखी असते.

महिला सभेचा वार वेगळा असतो. रविवारच्या नेहमीच्या चेहऱ्यांमागे राबणारी खरी यंत्रणा ही सभा आहे. आजाऱ्याला भेटणे, बाळंतिणीच्या घरी डबा पोचवणे, नाताळची मिठाई, वेदीवरची फुले आणि धुतलेले कापड, हे सगळे तिच्याकडे असते. शनिवारी संध्याकाळी तरुण मुले हार्मोनियम, ढोलक, आता बहुतेक ठिकाणी कीबोर्ड घेऊन दुसऱ्या दिवशीची गीते बसवतात.

रविवारची सकाळ

मोठ्यांच्या उपासनेआधी मुलांची संडे स्कूल भरते. गोष्ट, पाठांतराचे वचन, हातवारे करून म्हणायचे गाणे. मग घंटा होते. बायकांच्या डोक्यावर पदर किंवा ओढणी येते. भिंतीवरच्या पाटीवर त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक लावलेले असतात आणि ते पाहून गीतांच्या पुस्तकात खुणा घातल्या जातात. वेदीवर क्रूस, दोन मेणबत्त्या आणि ऋतूप्रमाणे रंग बदलणारे कापड: आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळे, नाताळ व पुनरुत्थानाला पांढरे, पेंटेकॉस्टला लाल, वर्षाच्या लांबलचक साध्या काळात हिरवे. लहान मुलाला पंचांगाआधी हे रंग कळतात.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने आरंभ होतो आणि लगेच पापांगीकार येतो. आल्याआल्या सगळी मंडळी उभी राहून एका आवाजात कबूल करते की विचारांत, बोलण्यात आणि करण्यात आपण चुकलो. सरपंच असो की शिपाई, शब्द तेच. पाळक मग क्षमेची घोषणा करतो. या परंपरेचा जनक मार्टिन ल्युथर याच्या शिकवणीचे मर्म या दोन मिनिटांत आहे. माणूस आपल्या कर्तृत्वाने देवापुढे नीतिमान ठरत नाही, कृपेने ठरतो आणि ती कृपा विश्वासाने हाती येते. म्हणून उपासनेची सुरुवात माणसाने काय आणले याने होत नाही, त्याला काय दिले जाते याने होते.

यानंतर दयेची याचना, देवदूतांचे स्तुतिगान, त्या रविवारची नेमलेली प्रार्थना. मग वाचने: जुन्या करारातून एक, पत्रांतून एक, शुभवर्तमानातून एक. पहिली दोन वाचने बहुधा मंडळीतलेच कुणी करते. दहावीतला मुलगा अडखळत यशयाचा अध्याय वाचतो आणि मागच्या बाकावरचे शिक्षक ओठांतल्या ओठांत त्याचे उच्चार दुरुस्त करतात. शुभवर्तमानाच्या वेळी सगळे उभे राहतात. प्रेषितांचा मतांगीकार पुस्तक न पाहता म्हटला जातो.

उपदेश वीस-पंचवीस मिनिटांचा. या परंपरेत उपदेशाला उपासनेच्या मध्यभागी जागा आहे, कारण वचन ऐकण्यातून विश्वास येतो अशी तिची धारणा आहे. चांगला उपदेशक नेमलेल्या उताऱ्याला धरून बोलतो. आवडीचा विषय निवडण्याची मोकळीक नसणे ही या पद्धतीची ताकद आहे. वर्षभरात पाळकाला न आवडणारे उतारेही त्याच्यापुढे येतात आणि लोकांना ते ऐकायला मिळतात.

सूचनांचा भाग बाहेरच्या माणसाला लांबण वाटेल, पण मंडळीचे आठवड्याचे वर्तमानपत्र तेच. वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस पुकारले जातात, माणसे पुढे येतात, पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, हातातले पाकीट थाळीत पडते. दवाखान्यातून परत आलेला माणूस उपकारस्तुतीचे दान देतो. लग्न ठरले असेल तर त्याची सूचना वाचली जाते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने पाळकाला विवाह लावण्याबरोबर नोंदवही ठेवण्याचेही काम दिले आहे. विवाहाची सूचना जाहीर करणे, साक्षीदारांच्या सह्या घेणे, नोंदीची प्रत निबंधकाकडे पाठवणे हे सगळे त्यात आले. चर्चमधल्या कपाटात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन अशा वह्या असतात. दुष्काळात अनाथ झालेल्यांच्या वंशजांना आपल्या घराण्याचा कागद मिळतो तो इथेच.

भाकर आणि द्राक्षारस

प्रभुभोजन असते त्या रविवारी उपासना लांबते. बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्यातून एकदा होते, कारण पाळकाला इतर ठिकाणीही जायचे असते आणि दीक्षित पाळकाशिवाय हा विधी होत नाही. प्रार्थना, वाचन, गायन वडील मंडळी चालवू शकतात, भोजनाला मात्र पाळकाची वाट पाहावी लागते. त्यामुळे त्या रविवारी उपस्थितीही वाढते. शेजारच्या वस्त्यांतून मोटारसायकली येतात.

वेदीपुढे लाकडी कठडा असतो. लोक रांगेने येऊन गुडघे टेकतात, भाकर घेतात, मग पेला. प्रत्येक फळीला पाळक आशीर्वाद देऊन उठवतो आणि पुढची फळी येते. कठड्यावर जागा ठरलेली नसते. सासू आणि सून, मालक आणि त्याच्या दुकानातला गडी, ज्यांच्यात बोलाचाल बंद आहे असे दोन भाऊ, रांग आणील तसे शेजारी गुडघ्यावर येतात. भाकर भाकरच राहते आणि द्राक्षारस द्राक्षारसच, तरी त्यांच्यासोबत ख्रिस्त स्वतःला खरोखर देतो, ही ल्युथरन शिकवण आहे. कॅथलिकांप्रमाणे मूळ तत्त्व बदलते असे ती मानत नाही आणि हे केवळ स्मरण आहे असेही मानत नाही. १५२९ मध्ये मारबुर्गला ल्युथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली यांची बोलणी याच मुद्द्यावर फिसकटली. नर्मदेकाठच्या मंडळीत हा वाद कुणी उगाळत नाही, पण कठड्याशी जाण्याआधी जे गांभीर्य पसरते त्यात त्या शिकवणीचे वजन जाणवते.

पाठांतराची शिदोरी

बाप्तिस्मा तान्ह्या मुलाचा होतो. आईबापांबरोबर धर्ममाता-धर्मपिता उभे राहतात. मूल मोठे झाले की दृढीकरणाचे वर्ग लागतात. त्याचे पुस्तक म्हणजे ल्युथरचे १५२९ चे लघु प्रश्नोत्तर. दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन. सॅक्सनीतल्या खेड्यांत फिरताना लोकांना आणि पाळकांनाही धर्माची साधी माहिती नाही हे पाहून ल्युथरने ते लिहिले. घरातल्या कर्त्याने आपल्या मुलाबाळांना आणि गड्यांना शिकवावे, असा त्याचा रोख होता. इथल्या घरांत रात्री जेवणाआधी होणारी कौटुंबिक प्रार्थना त्याच रोखातून आलेली आहे.

वर्गाच्या शेवटी मुलांना मंडळीपुढे उभे करून प्रश्न विचारले जातात. आईबापांच्या पोटात गोळा येतो. उत्तरे आली की पांढऱ्या कपड्यांतली मुले गुडघे टेकतात, पाळक हात ठेवतो आणि त्यांना पहिले प्रभुभोजन मिळते. नुसत्या पाठांतराला आजकाल नावे ठेवली जातात. इथे मात्र त्याचे मोल वेगळे आहे. पाळक नसलेल्या गावात, दवाखान्याच्या खाटेवर किंवा परराज्यातल्या वसतिगृहात जो शब्द आठवतो तोच उपयोगी पडतो.

गाणे

ल्युथरच्या सुधारणेने गाणे लोकांच्या तोंडी दिले. १५२४ मध्येच या परंपरेची पहिली गीतपुस्तके छापली गेली. स्वीडिश मिशनच्या प्रकाशनाच्या कामात लीना सँडेल ही कवयित्री होती आणि तिची गीते स्वीडनभर गायली जात. इथे परदेशी चालीवरची भाषांतरित गीते आणि देशी चालीची भजने एकाच उपासनेत येतात. गीत बसून संथ म्हटले जाते. भजनाला ढोलक लागली की टाळ्या सुरू होतात आणि मागच्या बाकांवरचे चेहरे उजळतात. नव्या पिढीने ड्रम आणि पडद्यावर झळकणारे शब्द आणले आहेत. जुन्यांची तक्रार असते की नवी गाणी महिन्यात विसरली जातात. ती तक्रार खोटी नाही, कारण विचार पोचवण्याचे काम इथे गीतांनी केलेले आहे.

छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिणेला सौंसर आणि २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झालेला पांढुर्णा हा मराठी बोलणारा मुलूख आहे. तिथून नागपूर जवळ. नागपूरकडच्या मंडळ्यांत नारायण वामन टिळकांची मराठी भजने गायली जातात. टिळकांची ख्रिस्ती धर्माशी पहिली गाठ पडली ती राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात, म्हणजे याच जुन्या मध्य प्रांतात. सातपुड्याच्या अलीकडे आणि पलीकडे सोयरिकी होतात, तेव्हा सुनेबरोबर एखादे मराठी भजनही हिंदी मंडळीत येते.

वर्षाचे फेरे

नाताळआधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. डिसेंबरच्या थंडीत तरुणांची टोळी रात्री घरोघर गीते म्हणत हिंडते, प्रत्येक घरी चहा, गूळ-शेंगदाणे, केक. राख बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. या काळात घरोघरच्या सभा वाढतात आणि लग्ने टाळली जातात. झावळ्यांच्या रविवारी मुले खजुराची पाने हलवत मिरवतात. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, एप्रिलच्या उन्हाच्या तोंडावर, क्रूसावरच्या सात वचनांवर सात जण बोलतात. त्यांत गृहिणी असतात, निवृत्त कारकून असतात. वेदी उघडी, घंटा बंद.

पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे दफनभूमीत जमायचे असते. आधीच थडग्यांवरचे गवत काढलेले, चुना लावलेला असतो. अंधारात मेणबत्त्या लागतात आणि आपल्या माणसांच्या थडग्यांमध्ये उभे राहून ख्रिस्त उठला आहे असे गायले जाते. इतर कुठल्याही सणापेक्षा हा दिवस या समाजाच्या अधिक जवळचा वाटतो.

पीक हाती आल्यावर कापणीचा सण. गहू, हरभरा, भोपळे, कोंबड्या, घरचे लोणचे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. एक भोपळा तीन-तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा दान करतो. ३१ ऑक्टोबरच्या जवळचा रविवार धर्मसुधारणेचा. १५१७ मध्ये विटेनबर्गला ल्युथरने ९५ मुद्दे मांडले, त्याचे स्मरण.

कारभार आणि कागद

पाळकाबरोबर मंडळीने निवडलेली पंचकमिटी असते. दान मोजणे, छत गळते ते बघणे, दफनभूमीची भिंत, विजेचे बिल ही तिची कामे. वरच्या पातळीवर प्रतिनिधींची सभा. या चर्चने १९५० मध्ये जागतिक ल्युथरन संघाचे सदस्यत्व घेतले. बैतूल जिल्ह्यातले पाढर रुग्णालय या चर्चशी जोडलेले आहे. २०१२ मध्ये तिथे स्तुती आणि आराधना या जुळलेल्या जुळ्या बहिणींना वेगळे करण्याची शस्त्रक्रिया झाली आणि आडवळणाचे ते नाव देशभर गेले. मिशनच्या काळातल्या जागा शहरांच्या मध्यावर आल्या आहेत. त्यांच्या किमती वाढल्या तसे उत्तर भारतातल्या बहुतेक चर्चसंस्थांप्रमाणे जमिनीचे आणि निवडणुकांचे तंटे वाढले. रविवारी कठड्याशी गुडघे टेकणाऱ्यांना सोमवारी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे दुःख मंडळीतले जाणते लोक उघड बोलून दाखवतात.

धर्मांतराविषयी मध्य प्रदेशात १९६८ पासून कायदा आहे. त्याच्या आधी, १९५६ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला होता. २०२१ च्या नव्या कायद्यानुसार धर्मांतराची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी द्यावी लागते. त्यातल्या तरतुदींना जबलपूरच्या उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आहे. पाळकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढा की प्रौढ माणसाने बाप्तिस्मा मागितला तर आधी कागद. बहुतेक बाप्तिस्मे ख्रिस्ती घरांतल्या बाळांचेच असल्याने रोजचा व्यवहार चालू राहतो.

जबलपुरातले कुटुंब

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, डिसायपल्स असे निरनिराळे पंथ एक झाले. ल्युथरन त्यात गेले नाहीत. आपल्या श्रद्धाकथनाशी त्यांची बांधिलकी घट्ट होती आणि मोठ्या संघटनेत लहान मंडळी विरघळून जाते ही काळजीही होती. आज जबलपुरात जुने क्राइस्ट चर्च कॅथीड्रल या एकत्रित चर्चकडे आहे, मेथॉडिस्टांची वेगळी चर्चे आहेत आणि मेथॉडिस्ट परंपरेतून निघालेले लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज वेगवेगळ्या पंथांच्या विद्यार्थ्यांना शिकवते.

छिंदवाडा किंवा सागरहून आलेले कुटुंब जवळच्या चर्चमध्ये जाऊ लागते. तिथे प्रभुभोजनाला त्यांना सहसा अडवले जात नाही. हिंदी बायबल तेच, भजने बरीचशी ओळखीची, पापांगीकाराचे शब्द थोडे वेगळे. मुलांची संडे स्कूल तिथेच होते. पण मूळ मंडळीच्या वहीतले नाव काढले जात नाही. वर्षाची वर्गणी गावी पाठवली जाते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना दृढीकरणाच्या वर्गासाठी आजीकडे ठेवतात, लग्नाची सूचना दोन्ही ठिकाणी वाचली जाते आणि पुनरुत्थानाच्या आदल्या संध्याकाळी जबलपूरहून सुटणाऱ्या बसमध्ये चुन्याची पुडी आणि कुंचा पिशवीत घेतलेली माणसे बसलेली असतात.